फिनलंडहून एनएचएलला जाणाऱ्या नवीन पोरांचा अंदाज लावायचा कसा?

विद्यापीठ_रोड:
नमस्कार मंडळी. एमएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथंच सोलापुरात, आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय की फिनलंडचे नवीन खेळाडू एनएचएलच्या पहिल्या सिझनला किती पॉईंट करतील (ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आईस हॉकीची सगळ्यात मोठी लीग, गोल मारला की एक पॉईंट, गोलला पास दिला तरी एक). आतेभाऊ टाम्पेरेला नोकरीला आहे, त्याच्यामुळं हा नाद लागला. तिथल्या लीगाच्या (फिनलंडची सगळ्यात वरची लीग, नावच लीगा) मॅच थंडीत आपल्याकडं रात्री दहाच्या आसपास सुरू होतात त्यामुळं जेवून निवांत बघता येतात, एनएचएलला मात्र पहाटे साडेपाचला उठावं लागतं आणि मी उठतो पण.

सध्या पद्धत एकदम साधी ठेवलीय. एनएचएलला जायच्या आधीच्या सिझनला लीगामध्ये मॅचमागं किती पॉईंट केले ते घ्यायचं, त्याला ०.४ नं गुणायचं कारण लीगातला एक पॉईंट तिकडं साधारण तेवढाच धरतात, मग तिकडच्या सिझनला ८२ मॅच धरून तेवढ्यानं गुणायचं. काक्कोला हे फिट्ट बसलं, लीगातल्या टीपीएस टीमकडनं ४५ मॅचमध्ये ३८ पॉईंट, माझा आकडा २८, आणि २०१९-२० ला रेंजर्सकडनं ६६ मॅचमध्ये २३ म्हणजे ८२ ला लावलं तर २८-२९ च. पण २०१६-१७ ची बॅच घेतली की सगळा घोळ होतो. लाइनेला माझा फॉर्म्युला २४ देतो, त्यानं विनिपेगला ७३ मॅचमध्ये ६४ केले, त्यात ३६ गोल. आहोला ३३ देतो, त्यानं कॅरोलायनाला ४९ केले. पुल्युयार्वीला १८ देतो, तो एडमंटनला २८ मॅच खेळला, ८ पॉईंट, गोल फक्त एक.

एकाच देशातनं, एकाच लीगातनं, एकाच वर्षी गेलेली तीन पोरं. फरक कुठनं येतोय? कुठला कॉलम घालू?

होम_मैदान:
भावा ती तिघं एका देशातली एवढंच नाही, एका लाईनमध्ये खेळलीत. जानेवारी २०१६, हेलसिंकी, वर्ल्ड ज्युनियर (२० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा), मधे आहो, एका बाजूला लाइने, दुसऱ्या बाजूला पुल्युयार्वी. फायनलला रशियाला ओव्हरटाईममध्ये ४-३ नं हरवलं आणि स्पर्धेचा बेस्ट खेळाडू ठरला पुल्युयार्वी, १७ पॉईंट. आपल्याकडं गड्ड्याची तयारी चालू होती तेव्हा मी हायलाईट परत परत बघायलो होतो आणि मला तर तोच सगळ्यात तयार वाटत होता. त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टला (एनएचएलच्या टीम नवीन पोरं नंबरानं निवडतात तो) लाइने दुसरा गेला, पुल्युयार्वी चौथा, आहो तर आदल्याच वर्षी ३५ व्या नंबरला गेलेला.

आता आईस टाईम, म्हणजे मॅचमध्ये बर्फावर किती मिनिटं मिळाली ते बघ. लाइनेला विनिपेगनं मॅचमागं १८ मिनिटांच्या आसपास दिली, आहोला १७, पुल्युयार्वीला जेमतेम ११. ११ मिनिटांत पोरगं काय करणार बे? शिवाय पॉवर प्ले (समोरच्या टीमचा गडी पेनल्टीमुळं बाहेर असतो तो वेळ). लाइने उजव्या हाताचा आणि उभा राहतो डाव्या सर्कलमध्ये, पलीकडनं आडवा पास निघाला की ह्याची स्टिक आधीच वर गेलेली असते, पक (चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) थांबवायचा वगैरे काही नाही, बर्फावरनं येतोय तसाच हाणायचा, गोलकीपर ह्या खांबाकडनं त्या खांबाकडं सरकेपर्यंत जाळी हललेली असते. ते त्याचं ठरलेलं काम होतं आणि टीमनं पहिल्या महिन्यापासून त्याला तेच दिलं. पुल्युयार्वीचा खेळ वेगळा, पळून, कोपऱ्यातनं पक काढून, दुसऱ्याला देऊन पॉईंट होतात त्याचे, त्याला चांगली सोबत लागते आणि ती मिळाली नाही. मधेच खाली एएचएलला (एनएचएलच्या खालची लीग) बेकर्सफील्डला पाठवला.

आईस टाईम घाल, निम्मा घोळ तिथंच मिटेल.

नवीपेठ_स्टॅट:
मी शिकवतो हाच विषय, म्हणून थोडं सविस्तर. बाळा, आईस टाईम असा घालू नकोस. पुल्युयार्वीला ११ मिनिटं मिळाली हे तुला सिझन संपल्यावर कळलं, अंदाज लावायचाय सप्टेंबरमध्ये. जे आधी माहिती नसतं ते मॉडेलमध्ये घातलं की आकडे सुंदर बसतात आणि पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही. सप्टेंबरला काय माहिती असतं ते शोध. पोराचं वय महिन्यांत, ड्राफ्टचा नंबर, त्याच्या जागेवर टीममध्ये आधीचे किती जण आहेत, प्रीसिझनला पॉवर प्लेच्या कुठल्या युनिटमध्ये उभा केला. ह्यातनं आधी आईस टाईमचा अंदाज काढ, मग त्यातनं पॉईंट.

दुसरं, शॉट आणि गोल वेगळे कर. लाइनेचे २०४ शॉटवर ३६ गोल म्हणजे साडेसतरा टक्के, एनएचएलची सरासरी नऊच्या आसपास असते. शॉटची संख्या वर्षाला फार बदलत नाही, टक्केवारी खूप हलते. मी असतो तर पुढच्या वर्षी खाली येईल म्हणून धरलं असतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. १८-१९ व्या वर्षी लीगातनं थेट गेलेले फॉरवर्ड असे आहेत किती? त्यावर पाच कॉलम लावलेस तर मॉडेल खेळाडूंची नावं पाठ करून बसेल. स्वीडनची लीग जोडून घे, देशाचा वेगळा कॉलम ठेव. आणि जे पोचलेच नाहीत त्यांना वगळू नकोस. रणजीची सरासरी बघून ऑस्ट्रेलियात कोण किती करेल हे सांगताना आपण फक्त टेस्ट खेळलेल्यांचीच यादी घेतली तर रणजी फार सोपी पायरी वाटायला लागते, तसंच होईल. ०.४ हा आकडासुद्धा जे तिकडं जाऊन खेळले त्यांच्यावरनंच निघालाय.

होम_मैदान:
सर मान्य, पण लाइनेचं पुढच्या वर्षी खाली नाही आलं, २०१७-१८ ला ४४ गोल मारले आणि टक्केवारी १८ च्या वर गेली. सगळ्यांना सरासरीकडं ओढलं तर असली पोरं हातातनं सुटतात. आणि फिनलंडच्याच सेलानेचं काय करणार? १९९२-९३ ला पहिल्याच सिझनला ७६ गोल, १३२ पॉईंट. कुठलं मॉडेल देईल हे?

नवीपेठ_स्टॅट:
कुठलंच देणार नाही, आणि देऊ पण नये. सेलानेला ड्राफ्ट केला १९८८ ला, गेला २२ व्या वर्षी, त्या सिझनला मॅचमागं दोन्ही टीमचे मिळून सव्वासात गोल होत होते, २०१६-१७ ला साडेपाच. काळाचा हिशोब लावला तरी तो वेगळाच उरतो. लाइनेचं तुमचं बरोबर आहे, जो खरंच चांगला मारतो त्याला कमी ओढायचं, त्यासाठी ज्युनियर आणि लीगा दोन्हीकडची जुनी टक्केवारी पाहिजे. म्हणूनच एक आकडा देऊ नये, रेंज द्यावी. लाइनेला सप्टेंबरमध्ये २० ते ६० म्हणणं हे २४ म्हणण्यापेक्षा खरं आहे.

अक्कलकोटरोड_ते_ओउलू:
मी मूळचा अक्कलकोट रोडचा, सध्या ओउलूला आहे, इथल्या कार्पॅट टीमच्या मॅचला रिंकवर जातो. दोन-तीन गोष्टी टीव्हीवर लक्षात येत नाहीत.

रिंकची रुंदी. युरोपातली जुनी मोठी रिंक ३० मीटर रुंद, एनएचएलची २६. (इकडं मधल्या मापाच्या पण आहेत.) चार मीटर म्हणजे दोन्ही बाजूला दोन-दोन, ऐकायला काहीच वाटत नाही, पण विंगवाला बोर्डला चिकटून पास घेतो तेव्हा मोठ्या रिंकवर त्याला मान वर करून बघायला वेळ मिळतो, तिकडं पक स्टिकला लागायच्या आधी डिफेन्सवाला छातीवर आलेला असतो. इथं ज्यांचे पॉईंट मोकळ्या जागेत पक धरून ठेवण्यातनं येतात त्यांना पहिल्या वर्षी जड जातं. ग्रानलुंडचं उदाहरण घे, ड्राफ्टनंतर दोन वर्षं थांबून गेला, शेवटच्या वर्षी लीगातल्या एचआयएफके टीमकडनं ४५ मॅचमध्ये ५१ पॉईंट, तुझा फॉर्म्युला त्याला ३७ देईल, मिनेसोटाला पहिल्या सिझनला २७ मॅचमध्ये ८ केले. नंतर २०१६-१७ ला ६९ पॉईंट केले त्यानंच. म्हणजे थांबून गेला की पिकून जातो हे दरवेळी खरं नाही, हेइस्कानेनला मात्र एक वर्ष थांबल्याचा फायदा झाला, डल्लासला पहिल्याच वर्षी सगळ्या ८२ मॅच आणि ३३ पॉईंट, ते पण डिफेन्सवाला असून.

दुसरं, मॅचची संख्या ८२ धरू नको. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधनं ड्राफ्ट झालेल्या १८-१९ च्या पोराला टीम सहसा एएचएलला पाठवू शकत नव्हती, परत ज्युनियरलाच धाडावं लागायचं. फिनलंडच्या पोराला ही अडचण नाही, जमलं नाही की दुसऱ्या दिवशी खाली. त्यात ह्या वयात दहापेक्षा कमी मॅच खेळवल्या तर काँट्रॅक्टचं वर्ष पुढं ढकललं जातं. राँटानेन बघ, २०१५-१६ ला कोलोरॅडोकडनं बरोबर ९ मॅच, बाकी सिझन एएचएलच्या सॅन अँटोनियोला, ५२ मॅचमध्ये ६० पॉईंट. पुढच्या वर्षी वर ३८, त्याच्या पुढच्या वर्षी ८४. त्यामुळं तुझे दोन अंदाज पाहिजेत, वर किती मॅच मिळतील हा एक आणि मॅचमागं किती करेल हा दुसरा.

आणि एक आकड्यात न बसणारं सांगतो. पोरं १८ वर्षांची असतात, घर सोडून पहिल्यांदा गेलेली. आहोला कॅरोलायनात फिनलंडचाच तेरावाइनेन होता, लुंडेल फ्लोरिडाला गेला तेव्हा तिथला कॅप्टनच फिनलंडचा, बार्कोव्ह, त्यानं ६५ मॅचमध्ये ४४ पॉईंट केले. आपल्या भाषेत बोलणारा कुणीतरी ड्रेसिंग रूममध्ये असला की फरक पडतो, हे इथं परदेशात राहून मला पटलंय. सिद्ध होईल एवढा डेटा नाही, पण कॉलम ठेवून बघ.

विद्यापीठ_रोड:
सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन टप्प्यांत करतो, आधी मॅच आणि मिनिटं, मग मॅचमागं पॉईंट, स्वीडन जोडून, आणि शेवटी रेंज. एएचएलला पाठवलेले पण घेतो. लुंडेलला जुन्या फॉर्म्युल्यानं ३२ येत होते, तो पण कॅप्टनच्या कॉलमसाठी बाजूला काढलाय. एकच राहिलं, गोलकीपर ह्यात बसवता येतील का? फिनलंडचं नाव तर त्यांच्यामुळंच जास्त आहे.

अक्कलकोटरोड_ते_ओउलू:
नको बसवू. रिन्ने २००४ ला २५८ व्या नंबरला ड्राफ्ट झाला आणि नॅशव्हिलचा मुख्य गोलकीपर झाला २००८-०९ ला, २९ मॅच जिंकून दिल्या त्या सिझनला. रास्क २००५ च्या पहिल्या राऊंडचा, पण बोस्टनला खरं काम मिळालं २००९-१० ला, आणि तेव्हा अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी गोल खाण्याची सरासरी त्याची, १.९७. एक २१ वा, एक २५८ वा, आणि दोघांनाही चार-चार वर्षं लागली. त्यांची वेगळी फाईल कर, त्यात पॉईंटच्या जागी ड्राफ्टपासून किती वर्षं लागली हे काढ.