प्रतिसाद: घरातलीच जोड की बाहेरचा नर?
वर एकांनी लिहिलंय की कारवान या शिकारी कुत्र्याच्या जातीचं रक्त शुद्ध ठेवायचं तर जोड घरातलीच लावावी, बाहेरचा नर आणला की जात बिघडते. नाही पटलं. सांगोल्याकडे आमच्या मामांनी हेच केलं. एकाच वेतातले भाऊ-बहीण जोडले, मग त्यांच्यातलीच मादी पुन्हा बापाला. अंगलट, जबडा सगळं नंबर एक. पण पहिल्या वेताला आठ पिल्लं होती, पुढं तीनवर आली, त्यातलंही एक दूध न ओढताच गेलं. सशामागं पळणारं कुत्रं दोन शेतांत धापा टाकायला लागलं. गंमत म्हणजे तेच मामा कळपातला मेंढा दर दोन वर्षांनी बदलतात, लेकी बापाला लागू नयेत म्हणून! नात्यातल्या जोडीमुळं पिल्लाला एकाच पूर्वजाकडून जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्याच मिळण्याची शक्यता किती, तो अंतःप्रजननाचा आकडा; सख्ख्या भावंडांच्या पिल्लात तो २५ टक्के येतो, चुलत भावंडांच्यात ६.२५.

आणि 'जात बिघडते' म्हणणाऱ्यांनी डाल्मेशियनचं बघावं. बग्गीबरोबर पळणारं कुत्रं ते. मूतखड्याला कारणीभूत असलेला युरिक अॅसिडचा दोष त्या जातीत इतका मुरला होता की निरोगी जनुक नोंदणीकृत कुत्र्यांत उरलंच नव्हतं. १९७३ साली अमेरिकेत एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला, पुढं प्रत्येक पिढी परत डाल्मेशियनशीच. ठिपके तेच, चाल तीच, दोष गेला. तरी तिथल्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, त्यांना नोंदीत घ्यायला २०११ उजाडलं. आपल्याकडं तर एवढंही करायची गरज नाही, पलीकडं विजापूर-मुधोळ पट्ट्यात नात्याबाहेरचे नर मिळतात. फक्त कुणाचं पिल्लू कुणाचं, हे वहीत लिहून ठेवा.