थायलंड-कंबोडियात फिरता फिरता दोन महिने इंग्रजी शिकवायचं काम मिळतं का?

भटक्या_सांगली
नमस्कार मंडळी. वय २६, बीए इंग्रजी, सध्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवतो. नोव्हेंबरात बँकॉकला उतरून पुढे कंबोडिया, व्हिएतनाम असं चारेक महिने फिरायचा बेत आहे. साठवलेले पैसे पुरणार नाहीत, म्हणून मध्ये कुठेतरी महिना-दोन महिने शिकवून खर्च काढावा म्हणतो. यूट्यूबवरची गोरी मंडळी सांगतात, शाळेत जाऊन नुसता बायोडेटा द्या, दुसऱ्या दिवशी काम. एका एजंटशी बोललो, तो म्हणतो टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं आल्यावर बघू. भारतीय पासपोर्टवर हे जमतं का? कुणी केलंय का?

घाटावरचा_पाहुणा
ते 'दुसऱ्या दिवशी काम' पासपोर्ट बघून मिळतं राव. इसानवाल्या (म्हणजे ईशान्य थायलंडच्या) ताई येतील बघ सांगायला, त्यांनी तिकडे शिकवलंय.

इसानची_बाई
आले. खोन केनजवळच्या एका सरकारी शाळेत शिकवलंय, त्यामुळे थायलंडपुरतं छातीठोक सांगते. वयाने मोठी आहे, अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

टुरिस्ट व्हिसावर वर्गात पाऊल टाकू नकोस. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलास तर ५ ते ५० हजार बाट दंड, वर हकालपट्टी आणि दोन वर्षं परमिट नाही. तेव्हा हा एजंट फोन उचलणार नाही.

सरळ वाट अशी. शाळा किंवा एजन्सी तुला घ्यायला तयार झाली की कागद देते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळतो, सुरुवातीला ९० दिवसांचा. मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे ऑनलाइन अर्ज करून इथूनच घेऊन जा. मग तिकडे वर्क परमिट. शिक्षकी परवाना नसला तर शाळा खुरुसपाकडे, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेकडे, तात्पुरती सूट मागते. आपण त्यांच्या हिशेबात 'नेटिव्ह', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेले, नाही, म्हणून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही मागतात. एवढी उस्तवार महिन्याभराच्या मास्तरासाठी कोण करेल? तेव्हा महिना-दोन महिने विसर, अख्खी सहामाही धर. दुसरी सहामाही नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होते आणि मार्चमध्ये संपते. तुझ्या तारखांत अगदी बसते. शाळांची शोधाशोध ऑक्टोबरच्या सुट्टीत चालते. शिवाय मध्येच एखादा गोरा मास्तर बेटांवर पळतो आणि जागा रिकामी होते. मला तशीच मिळाली.

पदवीचं साक्षांकन आणि पोलीस क्लिअरन्स निघण्याआधी उरकून घे. क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. नाहीतर तिकडून फोन करून वडिलांना मंत्रालयात हेलपाटे घालायला लावशील.

पगारात भेदभाव आहे, तोही उघड उघड. शेजारच्या वर्गातला इंग्रज पस्तीस हजार बाट घ्यायचा. मी आणि फिलिपिनो मैत्रिणी वीसच्या आसपास. त्या बिचाऱ्या रीतसर शिक्षणशास्त्राच्या पदवीधर, आणि त्या पठ्ठ्याला पाठाचं टाचण म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पण गावात खोली स्वस्त, जेवण शाळेत. वीस हजारात माझं भागून थोडे उरायचे. हिंडायला सुटीचे दिवसच, हे मात्र लक्षात ठेव.

डेमोला मी बाजारातून रामबुतान, केळी, पेरू नेले, टेबलावर मांडले आणि पोरांना खोट्या नोटा वाटल्या. 'हाऊ मच?' 'टू एक्स्पेन्सिव्ह!' मागच्या बाकावरच्या एका पोराने माझ्याशी घासाघीस करून केळी निम्म्या भावात नेली. मुख्याध्यापकांनी मला इंग्रजीबद्दल एक शब्द विचारला नाही. पोरं हसतात का, एवढंच बघत होते. व्याकरणाला थाई शिक्षिका असतात. तुझ्याकडून बोलणं, खेळ, गाणी हवी असतात. सकाळी आठला झेंडा, मग वर्गात चाळीस-पन्नास पोरं एका सुरात 'आय एम फाइन, थँक यू, अँड यू?' तापाने फणफणलेलं पोरसुद्धा फाइनच असतं. तिथून पुढे 'आज डोकं दुखतंय' एवढं स्वतःचं बोलायला लावणं, हेच खरं काम.

भटक्या_सांगली
ताई, खूप आभार. आत्ताच एजंटचा मेसेज आला. माए सोत नावाच्या गावी जागा आहे, साठ हजार बाट, मुलाखत नाही, तिकीटही तेच काढणार. सहामाहीच्या शाळेपेक्षा हे बरं वाटतंय.

इसानची_बाई
आत्ताच्या आत्ता त्याला ब्लॉक कर! नकाशा काढून बघ. माए सोतच्या पलीकडे मोएई नदी, आणि नदीपार म्यानमारचं म्यावडी. नोकरीच्या आमिषाने नेऊन पोरांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबतात ते तिथेच. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये पाचशेवर भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहूनच परत आणलं. त्या गावात बर्मी स्थलांतरितांच्या मुलांच्या खऱ्या शाळाही आहेत, चांगल्या आहेत, पण त्या साठ हजार देत नाहीत. बिगर-नेटिव्ह, नवख्या मास्तराला मुलाखतीशिवाय एवढे पैसे थायलंडात कुणीच देत नाही.

घाटावरचा_पाहुणा
बाप रे. बरं झालं इथे विचारलंस.

पोखराकर
कंबोडियाचं थोडं सांगतो. तिथे टी म्हणजे टुरिस्ट व्हिसा एकदाच महिनाभर वाढतो. काम करायचं तर आधीपासून 'ई' प्रकारचा व्हिसा (ऑनलाइनवाला ई-व्हिसा नव्हे) घ्यायचा, तो सहा महिने, वर्षभर वाढवता येतो. वर्क परमिट मात्र तिथेही लागतं. अनाथाश्रमात 'पैसे भरून शिकवा' अशा जाहिराती दिसतील, त्यांच्या नादी लागू नकोस. पाहुण्यांचे पैसे येत राहावेत म्हणून आईबाप असलेली पोरंही अशा ठिकाणी ठेवल्याची प्रकरणं तिथे बाहेर आली आहेत.

आणि खरोखर थोड्याच दिवसांसाठी शिकवायचं असेल तर नेपाळ का नाही? आपल्याला व्हिसाच लागत नाही, १९५० च्या करारामुळे राहण्या-कमावण्याची मुभाही आहे. इंग्रजी माध्यमाच्या खाजगी 'बोर्डिंग' शाळा गल्लोगल्ली. नवीन वर्ष बैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात सुरू होतं. पगाराचा आकडा ऐकून हुरळू नकोस, आपल्या शंभराचे तिकडे १६० होतात. विमानाने येणार असशील तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेव, आधारवर चढू देत नाहीत.

भटक्या_सांगली
ब्लॉक केला. पोलीस क्लिअरन्सची अपॉइंटमेंट सोमवारी घेतली. ताई, आयेल्ट्स द्यावी की टोइक?

इसानची_बाई
थायलंडपुरतंच असेल तर टोइक, स्वस्त पडते. पुढे कॅनडा-बिनाडा डोक्यात असेल तर आयेल्ट्स.