मदत हवी आहे: भूतकाळासाठी इंग्रजी गाणी सुचवा

नमस्कार. करवीर तालुक्यात पाचवीला इंग्रजी शिकवते. 'व्हील्स ऑन द बस' म्हणताना चाकं 'गो' आणि हॉर्न 'गोज' हा फरक पोरांना नियम न सांगता कळला; आता केएमटी (कोल्हापूरची शहर बस) दिसली की हात गोल फिरवत तेच म्हणतात. घोडं अडलंय भूतकाळापाशी. 'गो'चं 'वेंट' काही केल्या डोक्यात बसत नाही, 'गोएड' लिहितात. मोठ्यांची गाणी लावून पाहिली, पण गायक 'गोइंग टू'चं 'गोना' करतात आणि वहीतही तेच उतरतं. अनियमित क्रियापदांची, स्पष्ट उच्चारांची गाणी किंवा खाली शब्द दिसणारे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ कुणी वापरलेत का? वर्गात नेट नाही, पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावते. गाण्यानंतर लेखी सराव कसा घेता, तेही सांगा.