मतदाराने पक्ष बदलला तर तो गद्दार कसा?

येवल्याचा कांदेवाला
लोकसभेला 2014 आणि 2019 ला कमळ, 2024 च्या मे महिन्यात तुतारी आणि सहाच महिन्यांत विधानसभेला घड्याळ. वस्तीवर मला सगळे 'दलबदलू' म्हणतात, म्हणून एकदा हिशेब मांडतो.

वडील शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरायचे. त्यामुळे घरातून मला पक्ष मिळाला नाही, कांद्याचा भाव बघायची सवय मिळाली. 2014 ला आघाडीच्या कारभाराला कंटाळून कमळ दाबलं. 2019 ला बालाकोटची हवा होती, मीही त्या हवेतलाच. मग डिसेंबर 2023 मध्ये लाल कांद्याच्या ऐन हंगामात निर्यातबंदी आली. मार्चअखेर उठेल म्हणाले, तर मुदत वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या 2 हजार टन पांढऱ्या कांद्याला तेवढी वाट मोकळी! 4 मेला बंदी उठवली, पण 40 टक्के शुल्क ठेवलंच. आमचं मतदान 20 मेला. आमच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार पडल्या, भास्कर भगरे निवडून आले. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आलं, किमान निर्यात मूल्याची अटही गेली. आम्ही पाडलं नसतं तर हे झालं असतं का?

नोव्हेंबरात छगन भुजबळांना मत दिलं ते मांजरपाडा प्रकल्पाच्या पाण्यासाठी आणि साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल माफ झालं म्हणून. आणि मत मोठ्या पक्षालाच देतो. दिल्लीत ज्याचं कोणी ऐकत नाही त्याला मत देऊन माझा कांदा बंदरावर पोचत नाही.

नांदेडी
शेठ, तुम्ही मतदार नाही, गिऱ्हाईक आहात. आमच्या घरात बैलजोडी, मग गायवासरू, मग हात. 1977 ला देशभर लाट उलटी होती, तेव्हाही आजोबा हलले नाहीत. 2014 ला अख्ख्या राज्यातून काँग्रेसचे दोनच खासदार आले, नांदेड आणि हिंगोली. त्या वेळी आमच्यासारखे चिवट लोक नसते तर विरोधी पक्ष नावाला तरी उरला असता का? सगळेच तुमच्यासारखे भाव बघून मत देणार, तर पडत्या काळात सतरंज्या उचलायला कोण येणार?

आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आमचे नेते अशोकराव चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. चार महिन्यांत नांदेडची लोकसभा काँग्रेसनेच जिंकली. नेता गेला, मतदार जागेवर राहिला. याला म्हणतात निष्ठा.

येवल्याचा कांदेवाला
काका, अर्धीच गोष्ट सांगितली. 20 नोव्हेंबर 2024 ला तुमच्याकडे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी झाली. लोकसभेला काँग्रेस दीड हजाराच्या आत फरकाने वाचली आणि जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ विधानसभा महायुतीला गेल्या. एकाच केंद्रात, एकाच रांगेत उभं राहून लोकांनी दोन यंत्रांवर दोन वेगळी बटणं दाबली. तुमच्या निष्ठावान नांदेडात माझ्यासारखी गिऱ्हाइकं बरीच दिसतात.

नांदेडी
खासदार वारले होते, त्यांच्या मुलाला सहानुभूती मिळाली. अपवादावरून नियम काढू नका.

कोर्टाची पायरी
मतदाराची कोलांटउडी हा प्रश्नच गौण आहे हो. कांदेवाल्यांनी लोकसभेला ज्या युतीला धडा शिकवला, त्याच युतीच्या राज्य सरकारात त्यांचे भुजबळ 2 जुलै 2023 पासून मंत्री होते. शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी, मग अजितदादांचा गट, एवढा प्रवास नेत्याने करायचा आणि गद्दार मतदार? पक्षांतरबंदी कायदा 1985 चा. एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर माफ, ही पळवाट 2003 ला बंद केली. तरीही शिवसेनेच्या प्रकरणात जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरवला नाही. आमदाराला जे माफ, ते मतदाराला का नाही?

पुष्पाताई (जामखेड)
भाऊ, पाणी आलं, पंपाचं बिल माफ झालं म्हणून तुम्ही मत दिलंत तर तो हिशेब. मी लाडक्या बहिणीचे दीड हजार घेऊन मत दिलं असं धरलं, तर लगेच 'विकली गेली'. मी कोणाला दिलं ते सांगणार नाही, घरातही सांगितलेलं नाही. आमचे हे अजून अंदाज बांधतायत.

नांदेडी
ताई, तुम्हाला कोणी काही म्हणालं नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर पैसे खात्यात येतात ते असल्या हिशेबी मतदारांमुळेच. पाच वर्षं धोरण बिघडवायचं आणि शेवटच्या चार महिन्यांत वाटप करायचं, हे त्यांना कळून चुकलंय.

पुष्पाताई (जामखेड)
आणि तुमच्यासारख्या पक्क्या मतदाराला शेवटच्या चार महिन्यांतही काही द्यावं लागत नाही, हेही त्यांना कळून चुकलंय.

निळी टोपी
'मत मोठ्या पक्षालाच' यावर कोणीच बोलेना, म्हणून आलो. मीही नांदेडचाच. 2019 ला लोकसभेला वंचित बहुजन आघाडीला मत दिलं. अशोकराव 40 हजारांच्या आसपास मतांनी पडले, वंचितच्या उमेदवाराला 1 लाख 60 हजारांवर मतं होती. पाच वर्षं आम्हाला ऐकवलं, भाजपची बी टीम, तुमच्यामुळे भाजप आला. बरं. ज्यांना पाडल्याचं पाप आमच्या माथी मारलं, ते स्वतःच भाजपचे राज्यसभा खासदार होऊन बसले. काका, ते गेले तेव्हा बी टीम कोण होतं?

नांदेडी
एका माणसाच्या जाण्याने पक्ष चुकीचा ठरत नाही. 2019 ला तुमची मतं फुटली नसती तर ती जागा गेली नसती, हे गणित तरी मान्य करा.

निळी टोपी
गणित मान्य. पण ती मतं 'तुमची' होती हे कोणी ठरवलं?

येवल्याचा कांदेवाला
दादा, रागावू नका, पण तुमचा उमेदवार आमच्या शिवारात कधी फिरकलाच नाही. लिलाव बंद पडले तेव्हाही नाही.

निळी टोपी
फिरायला गाडी लागते, गाडीत डिझेल लागतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहे ते तरी लिलाव बंद पडले तेव्हा आले होते का?

येवल्याचा कांदेवाला
आले होते. मे महिन्यात.