उत्तर: वाळव्याच्या गड्याचं सांगलीला जाणं

प्रेषक: चिटणीस

मंडळी, गड्याचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं बघतायत. घोट्याचे टाके निघाले, प्लेट-स्क्रू आत आहेत, पाय अजून टेकवायचा नाही. नोकरी गेल्याचं सगळ्यांना माहीत आहेच. कोब्राचं, म्हणजे इथं अमेरिकेत नोकरी गेल्यावर कंपनीचा आरोग्यविमा स्वतःच्या पैशानं चालू ठेवायच्या सोयीचं, पाकीट आलंय. हप्ता भरायचा की विमा सोडून द्यायचा, एवढंच सांगा. फराळाच्या ऑर्डरी या धाग्यात नकोत.

प्रेषक: खजिनदार

आत्ता भरूही नका, नको म्हणूनही कळवू नका. पाकीट आल्याची तारीख किंवा विमा बंद झाल्याची तारीख, यातली जी नंतरची, तिथून ६० दिवस निर्णयाला मिळतात. होकार दिल्यावर पहिला हप्ता ४५ दिवसांत. विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे या ६० दिवसांत काही उद्भवलं तर तेव्हा होकार देता येतो. मात्र हप्ते पहिल्या दिवसापासूनचे सगळे भरावे लागतात. ज्या महिन्यात बिल आलं तेवढाच महिना घेतो म्हटलं तर चालत नाही. रक्कम बघून घाम फुटतो, कारण त्यात आपला वाटा, कंपनीचा वाटा आणि वर २ टक्के असतात.

मंडळाच्या मदतनिधीतून हप्ता मिळणार नाही. सभेत ठरलेलं आहे, परत उकरू नका.

प्रेषक: कडेगावचे दादा

निधी कुणी मागितलाच नाही, खजिनदार. विम्याच्या आधी पासपोर्टवरचा एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, शिक्का कधी संपतो ते विचारा. सप्टेंबर २०२५च्या आदेशानंतर, माणूस देशाबाहेर आणि हातात चालू व्हिसा नाही, अशा वेळी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीला १ लाख डॉलर मोजावे लागतात. लंगडत्या पायानं मुलाखती देणाऱ्यासाठी कोण मोजणार? शिक्का चालू असेल तर गोष्ट वेगळी. तरी तिकिटाआधी वकिलाला दाखवा.

इथंच थांबायचं तर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच. नोकरी संपल्यावर मिळणाऱ्या सेव्हरन्सनं ही मुदत लांबत नाही. मुदतीच्या आत बी-२ साठी, म्हणजे पाहुणा म्हणून राहण्यासाठी, आय-५३९ हा अर्ज टाकता येतो, पण तो अर्ज पडून असताना देश सोडला की अर्ज बाद. दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. कोब्राचे ६० आणि हे ६० वेगळ्या तारखांना सुरू होतात, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा.

प्रेषक: पलूसची ताई

बेकारी भत्त्याचा अर्ज भरला नाही ना? त्यात 'मी काम करायला सक्षम आणि उपलब्ध आहे' असं दर वेळी लिहून द्यावं लागतं. पाय अधांतरी असताना ते लिहिणं म्हणजे खोटं. कॅलिफोर्नियात त्याच्यासाठी एसडीआय, म्हणजे आजारपणात काम बंद पडलं तर पैसे देणारा राज्याचा विमा, आहे; जुन्या पगारपत्रकावर त्याची कपात दिसेल. इजा नोकरी चालू असताना झाली, म्हणजे सरळ केस. इजेमुळे काम करता येईनासं झाल्यापासून ९ दिवस गेल्यावर आणि ४९ दिवसांच्या आत अर्ज. डॉक्टरांचं प्रमाणपत्रही त्याच मुदतीत जावं लागतं, आणि घोडं अडतं ते तिथंच. सर्जनच्या ऑफिसात फोन करून बसा. पहिल्या ७ दिवसांचे पैसे मिळत नाहीत.

प्रेषक: मिरजेच्या वहिनी

कागदं होतील. शुक्रवारी उडायचं ठरवलं कुणी? पायाचं हाड मोडलेलं, शस्त्रक्रिया ताजी आणि वर इतका लांबचा विमानप्रवास, पोटरीत गाठ धरायला आणखी काय लागतं? सर्जनकडून लेखी परवानगी घ्या. रक्त पातळ करणारं औषध प्रवासात लागेल का, हे त्यांनाच विचारा. इंजेक्शन दिलं तर चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

पायातला आधाराचा बूट हवा भरायचा असेल तर विमान वर गेल्यावर ती हवा फुगते आणि पाय आवळतो, थोडी सोडायची. व्हीलचेअर मागताना नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका. तिकीटवाले बहुतेक वेळा डब्ल्यूसीएचआर टाकतात, म्हणजे पायऱ्या चढू शकणारा माणूस. याला डब्ल्यूसीएचएस हवं, म्हणजे पायऱ्या चढू न शकणारा. नाहीतर बसमधून नेऊन शिडीखाली उभा करतील.

प्रेषक: विट्याचे आप्पा

एवढी भीती कशाला घालताय. सांगलीत हळद काय कमी आहे? लेप लावा, तेलानं पोटरी रगडा, हाडवैद्याला दाखवा. महिन्यात चालेल.

प्रेषक: मिरजेच्या वहिनी

आप्पा, पोटरी रगडायची नाही. गाठ झालेली असली तर सुटून थेट फुप्फुसात जाते. हळद आमटीत घाला, जखमेवर नको. आणि आत प्लेट असलेल्या घोट्याला हाडवैद्य काय बसवणार?

मिरजेत हाडांचे डॉक्टर हवे तेवढे आहेत, पण ते पहिल्यांदा विचारतील आत काय घातलंय. एक्स-रेची सीडी, शस्त्रक्रियेची टिपणी आणि इम्प्लांटच्या स्टिकरांचा कागद निघण्यापूर्वी मागून घ्या. पुढं कधी स्क्रू काढायची वेळ आली तर साध्या ३.५ मिमीच्या स्क्रूला २.५ मिमीचा षटकोनी पेचकस लागतो, लॉकिंग स्क्रूला बहुधा चांदणीच्या खाचेचा. कागद नसला तर पाय उघडल्यावर शोधाशोध.

पाय टेकवायची परवानगी मिळाली की वजनकाटा घ्यायचा. ७२ किलोच्या माणसाला 'पाव वजन' म्हणजे काट्यावर १८ दिसेपर्यंत दाबायचं. अंदाजानं सगळे जास्तच दाबतात.

प्रेषक: कराडचे भाऊ

हळदीवरून आठवलं, राजापुरी कुणी आणणार असेल तर सांगा.

घराचं कुणी बघितलंय का? मोरीची फरशी ओली असली की कुबडी सटकतेच. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदलायचं. मेडिकलमध्ये मिळतं, कुबडी सोबत न्या, नळीची जाडी वेगळी असते. कुबडीची गादी काखेच्या दोन बोटं खाली हवी, भार तळहातावर. काखेवर लटकलं की हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आजच घरी सांगून ठेवा.

मुंबईहून महालक्ष्मी सोयीची वाटते, पण डब्याच्या पायऱ्या उंच आणि सांगलीला गाडी जास्त थांबत नाही. मोटार करा, मागच्या सीटवर पाय आडवा, खाली दोन उशा. खंबाटकी ओलांडल्यावर एकदा थांबून बोटं हलवायची. निळी पडली असतील किंवा बधिर वाटली तर पट्टा सैल करायचा.

प्रेषक: चिटणीस

शिक्का पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे, पासपोर्ट बघून सांगितलं. वकिलाशी उद्या बोलणं आहे. सर्जनची वेळ बुधवारी मिळाली, तिकीट त्यानंतरच. एसडीआयचा अर्ज आज रात्री ताईंनी फोनवर बसून भरून घ्यावा.

प्रेषक: खजिनदार

नी-स्कूटर (दुखरा पाय गुडघ्यावर टेकवून ढकलायचा) मंडळाचा आहे, सांगलीला जाणार नाही. विमानतळावरून परत कोण आणणार त्यानं इथंच लिहावं. डाव्या ब्रेकची केबल सैल आहे, गाडीत आडवा टाकू नका.