ब्रिटनमध्ये फूड टेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी विद्यापीठ कसे निवडावे?

रावेरचा विद्यार्थी: नमस्कार. जळगावहून फूड टेक्नॉलॉजीमध्ये बी.टेक. केले असून पुढे केळीप्रक्रिया उद्योगात उतरण्याचा मानस आहे. मी रेडिंग आणि लीड्स या विद्यापीठांचा विचार करीत आहे, परंतु एजंट लंडनमधील एका विद्यापीठाचा आग्रह धरतो आणि घरची मंडळी केवळ जागतिक क्रमवारी पाहतात. आमचे एकत्र कुटुंब असल्याने खर्चाची रक्कम काकांच्या खात्यात आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

तापीकाठ: क्यूएससारख्या जागतिक क्रमवारीत संपूर्ण विद्यापीठाचे मूल्यमापन होते आणि त्यात नावलौकिकाला मोठे वजन असते, त्यावरून आपल्या विषयाचा विभाग किती सकस आहे, हे कळत नाही. शेती आणि अन्नशास्त्रात रेडिंगचे नाव जुने आहे, तेथे प्रक्रियेचा पायलट प्लांट, म्हणजे छोटा प्रायोगिक कारखानाही आहे, आणि लीड्समध्ये अन्नशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. दोन्हीकडील विषयांची यादी, प्रयोगशाळेतील कामाचे प्रमाण आणि प्रबंध एखाद्या कंपनीसोबत करता येतो का, एवढे विभागालाच ईमेलने विचारावे. एजंटला बहुधा विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हेही ध्यानात असू द्यावे. शिवाय एम.एस्सी. एकाच वर्षाची असते. शिक्षणानंतर तेथे राहण्यासाठीच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत आजवर दोन वर्षांची होती, परंतु 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ती 18 महिन्यांचीच मिळणार आहे. म्हणून नोकरीचा शोध पहिल्या सत्रापासूनच सुरू करावा लागेल.

धुळेकर पालक: माझ्या मते आधी पैशांचा प्रश्न सोडवावा. व्हिसासाठी उरलेल्या फीच्या जोडीला नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो: लंडनमध्ये दरमहा 1,529 पौंड, लंडनबाहेर 1,171 पौंड. म्हणजे केवळ शहर बदलल्याने 3,222 पौंडांचा फरक पडतो. ही रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात असावी लागते. काकांचे खाते चालत नाही, मग घरात चूल एक असली तरी. शेतजमिनीचे मूल्यही येथे उपयोगी पडत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र मात्र चालते.

नंदुरबारहून: क्रमवारी अगदीच गौण आहे, असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती क्यूएस क्रमवारीतील ठराविक क्रमांकाच्या आतील विद्यापीठांसाठीच मिळते. आपण पात्र असाल, तर चालू वर्षाची जाहिरात वाचूनच विद्यापीठांची यादी करावी.

रावेरचा विद्यार्थी: आभारी आहे. मी या शिष्यवृत्तीस पात्र नाही. काकांनी रक्कम वडिलांच्या खात्यात वळती केल्यास चालेल का?

धुळेकर पालक: चालेल, मात्र ती तेथे सलग 28 दिवस राहिली पाहिजे आणि मध्ये एक दिवसही शिल्लक कमी पडता कामा नये. या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी 31 दिवसांच्या आत असावा लागतो. वडिलांचे संमतिपत्र आणि आपला जन्मदाखलाही सोबत जोडावा. दाखला मराठीत असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आताच करून घ्यावे.