अनुभव धागा : 'विंटर लाइट' (१९६३) दाखवताना आणि पाहताना

इंगमार बर्गमनचा हा ८१ मिनिटांचा स्वीडिश चित्रपट. स्वतःचीच श्रद्धा आटलेला पाळक (चर्चचा धर्मगुरू) तोमास, एका रविवारी दुपारी बाराच्या सुमाराची उपासना ते तीनची उपासना, एवढाच काळ. हा लावताना काय सांभाळावं लागतं, प्रेक्षक कुठे अडखळतो, ते लिहा. 'अंगावर येतो' एवढ्यावर थांबू नका, प्रसंग सांगा. (प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शेवटची रांग
आधी पडदा नीट लावा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. त्या घालवायला चित्र ताणलं की चेहरे पसरतात, आणि या चित्रपटात चेहऱ्यांखेरीज फारसं काही नाही. टीव्हीवर दाखवत असाल तर कॉन्ट्रास्ट आपोआप वाढवणारी सोय बंद करा, नाहीतर राखाडीच्या सगळ्या छटा काळ्या-पांढऱ्यात गडप होतात. मध्यंतर अजिबात नको.
आवाजाचं आधीच सांगून ठेवा. पार्श्वसंगीत नाही, ऑर्गन आणि स्तोत्रं आहेत, तीही उपासनेतलीच. नदीकाठी योनास या मच्छिमाराचं प्रेत सापडतं तिथे पाण्याच्या खळाळात बोलणं बुडून जातं. लोकांना वाटतं स्पीकर गेला. तो प्रसंग तसाच आहे, आवाज वाढवायला धावू नका.

ग्रेकार्ड
छटांबद्दल अगदी बरोबर. बर्गमन आणि छायालेखक स्वेन नूकविस्त हिवाळ्यात स्वीडनच्या दालार्ना भागातल्या एका चर्चमध्ये साधारण अकरा ते दोन बसून राहिले, उजेड कसा सरकतो ते पाहत. आभाळ भरलेलं असलं की सावलीच पडत नाही, हे त्यांनी हेरलं. चर्चचा अंतर्भाग मग स्टुडिओत उभारला. तिथे सरळ दिवा मारला की नाकाची सावली गालावर येते आणि सगळं खोटं पडतं. म्हणून उजेड परतवून, गाळून घेतला.
हे कळलं की एक जागा निसटत नाही. योनास निघून जातो, तोमास 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' म्हणतो, आणि नेमका तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आत येतं. ही कृपा की नुसता ढग सरकला? दोन्ही वाचनं टिकतात. पण आधीचा अर्धा तास सपाट राखाडी नीट दिसला नसेल तर ते ऊन जाणवतच नाही.

वेदीपाशी
शब्दांचं बघा. तोमासला 'फादर' म्हटलंत की पहिलाच प्रश्न येतो, फादरला बायको कशी? तो लुथरन (पाळकांना लग्नाची मुभा असलेला प्रोटेस्टंट पंथ) आहे, विधुर आहे. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींचा 'पाळक' हाच शब्द चपखल. तसंच 'प्रभुभोजन', म्हणजे उपासनेत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. मूळ स्वीडिश नावाचा अर्थच 'प्रभुभोजनाला आलेले' असा आहे. इंग्रजी नावाने लक्ष उजेडाकडे जातं, मूळ नावाने माणसांकडे. मला मूळ नाव जास्त खरं वाटतं.
पहिली दहा मिनिटं उपासनाच आहे. ती 'सुरुवात होईपर्यंत' म्हणून गप्पांत घालवू देऊ नका. भाकर आणि प्याला घेताना एकेकाचा चेहरा दिसतो, पुढची सगळी पात्रं तिथेच भेटतात.

पाणवठा
तोमासवर प्रेम करणाऱ्या शिक्षिका मार्ताचं त्याला आलेलं पत्र सर्वांत अवघड. मार्ता झालेली इन्ग्रिड थुलिन थेट कॅमेऱ्यात बघून मिनिटामागून मिनिटं बोलते. मध्ये फक्त तिच्या इसबाने चिघळलेल्या, पट्ट्या बांधलेल्या हातांचा प्रसंग. सबटायटल वाचण्यात डोळे खाली राहिले तर सगळं गेलं. दुसऱ्यांदा बघताना हा तुकडा सबटायटलशिवाय बघा.
योनासची भीती लोकांना विचित्र वाटते: चीन अणुबॉम्ब करणार. चीनची पहिली चाचणी १९६४ ची, म्हणजे चित्रपटानंतरची. १९६३ च्या मच्छिमाराला ती भीती अगदी खरी होती. तो धीर मागायला येतो आणि पाळक त्याच्यापुढे स्वतःचाच संशय ओततो.

वेदीपाशी
आणि अल्गोत! चर्चची देखभाल करणारा, शरीराने मोडलेला माणूस. तो म्हणतो, ख्रिस्ताच्या अंगाला झालेला त्रास काही तासांचा. शिष्य झोपले, पळाले आणि शेवटी देवही गप्प राहिला, ते दुःख त्याहून मोठं. चित्रपटातलं सगळ्यात खोल बोलणं पाळकाच्या नव्हे, त्याच्या तोंडी आहे.

शेवटची रांग
त्यानंतर लगेच दिवे लावू नका. तीनची उपासना जिथे आहे त्या फ्रॉस्टनेस गावच्या रिकाम्या चर्चमध्ये बाकावर एकटी मार्ता, जिचा देवावर विश्वास नाही. घंटा थांबते, तोमास उभा राहतो आणि म्हणायला लागतो, 'पवित्र, पवित्र, पवित्र...'